ऊन पाण्याची वेळ

न्हाणीघराच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब असे त्या काळीं घरांतलें एक माणूस सर्वांच्या आधीं उठत असे. बहुधा तें माणूस म्हणजे आजी किंवा थोरली सून. बंबाच्या मधल्या नळकांड्यांत गोवरीचा तुकडा, दोन ढलप्या आणि वर मूठभर कोळसे पडले कीं घटका-दोन घटकांत पाणी कढत होई. पण त्या माणसाचें खरें काम विस्तव पेटविणें हें नव्हतेंच. आज कोणाची शाळा सकाळची, कोणाची कचेरी लांबची, कोणास ताप आहे म्हणून आंघोळ नाहीं, कोणाचें न्हाणें आहे म्हणून दोन घंगाळीं अधिक, हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यांत असे, आणि जळण त्या हिशेबानें पडे. शेवटचा मनुष्य न्हाऊन बाहेर येतांना निखाऱ्यांची राख झालेली असे.

पुढें बंब माळ्यावर गेला किंवा तांब्याच्या भावानें मोडींत निघाला, आणि भिंतीवर गीझर आला. धूर गेला, राख गेली; त्यांच्याबरोबर हिशेब ठेवणारें माणूसहि गेलें. कोपरसारख्या वस्तींत ही उणीव चटकन् दिसते. डोंबिवलीला लागून असलेलें हें ठिकाण नोकरदारांचें. स्थानक दुमजली, खालून कल्याणचा मार्ग जातो, वरून दिवा-वसईचा. घरांतला एकजण पहांटे पांचला गीझरचें बटण दाबतो, साडेपांचला आंघोळ उरकतो आणि लोकल गांठण्याच्या घाईंत बटण तसेंच ठेवून जातो. दुसरा सातला उठतो व बटण बंद करतो. म्हातारी आई अकराला न्हाते. त्या वेळीं पाणी ऊन असलें तर तिचें नशीब. हा हरवलेला हिशेब संगणकाकडे सोंपवितां येतो. मात्र त्यापासून लाभ किती आणि धोका किती हें आधीं मोजलें पाहिजे, कारण विकणारे लाभ मोजून दाखवितात, धोका मोजीत नाहींत.

साठवणीच्या गीझरची रचना बंबाहून फार निराळी नाहीं. थंड पाणी तळाशीं शिरतें, ऊन पाणी हलकें म्हणून वर राहतें व वरूनच बाहेर पडतें. जुन्या कांहीं बंबांत नरसाळ्यांतून थंड पाणी ओतलें तरच तोटींतून ऊन पाणी येई, तत्त्व तेंच. विस्तवाच्या जागीं विजेचा कॉइल आला आणि पाणी ठराविक उष्णतामानास पोंचलें कीं प्रवाह तोडणारा थर्मोस्टॅट आला, एवढाच फरक. एक लिटर पाण्याचें उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडनें वाढविण्यास सुमारें ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. २५ लिटरची टांकी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास साधारण ३,७०० किलोज्यूल लागतात, आणि विजेचें एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे भरलेली टांकी तापविणें हें जवळजवळ एका युनिटाचें काम. २,००० वॅटचा कॉइल तें अर्ध्या तासांत करतो. हा खर्च कोणत्याहि युक्तीनें चुकत नाहीं. अंगावर जी उष्णता ओतावयाची तिची किंमत द्यावीच लागते. संगणक बसविला कीं गीझरचें बिल निम्मे होतें असें जें सांगण्यांत येतें तें म्हणूनच खरें मानूं नये.

वांचवितां येतें तें निराळेंच. बटण चालू राहिलें तर टांकींतील उष्णता आवरणांतून हळूहळू निघून जाते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हां पुन्हां भरून काढतो. ही गळती किती तें गीझरवरील ताऱ्यांच्या चिठ्ठीवरून ताडतां येतें. पाणी व हवा यांत ४५ अंशांचें अंतर असतां चोवीस तासांत किती युनिटें जातात ह्या मापानें ती मोजतात. समजा, हा आंकडा ०.७ आहे. कोपरची हवा वर्षांतील बहुतेक दिवस उबदार. पाणी ६० अंशांवर आणि हवा २८ वर असली तर अंतर ३२ अंशांचेंच राहतें आणि गळती अर्ध्या युनिटावर येते. ज्या घरांत गीझर दिवसभर चालू असतो तेथें महिन्याकांठीं सुमारें पंधरा युनिटें अशीं फुकट जातात. ज्या घरांत आंघोळ होतांच बटण बंद होतें तेथें वांचण्यासारखें फारसें उरलेलेंच नसतें. अशा घरानें पैशासाठीं ह्या भानगडींत पडूं नये. वेळेवर पाणी मिळावें म्हणून पडावयाचें असल्यास गोष्ट वेगळी.

यंत्रसामग्री थोडी आहे. गीझरच्या वाटेवर एक रिले, म्हणजे आज्ञेनें चालूबंद होणारा खटका. पाण्याचें वा नळीचें उष्णतामान सांगणारा एक लहानसा मापक. आणि ह्या दोघांशीं घरांतील वायफायवरून बोलणारें सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरांत ‘होम असिस्टंट’ हें पुष्कळांच्या वापरांत आहे. पाउलस स्खाउत्सेन ह्यांनीं तें २०१३ सालीं लिहावयास घेतलें. तें विनामूल्य असून २०२४ पासून त्याची मालकी ‘ओपन होम फाउंडेशन’ ह्या संस्थेकडे आहे. पत्त्यांच्या जोडाएवढ्या रास्पबेरी पाय नांवाच्या संगणकावर तें चालतें. त्याचा मोठा गुण असा कीं रिले योग्य निवडल्यास आज्ञा घरांतल्या घरांत फिरते. कित्येक कंपन्यांचे खटके मोबाईलची आज्ञा परदेशांतील यंत्राकडे पाठवून मग भिंतीपलीकडच्या गीझरला देतात. इंटरनेट गेलें, किंवा कंपनीनें तें यंत्र बंद केलें, कीं न्हाणीघर मुकें होतें. पावसाळ्यांत केबल तुटणें ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे त्यांनीं ही गोष्ट खरेदीपूर्वीं विचारावी.

सॉफ्टवेअरला द्यावयाचे नियम आजीच्या हिशेबासारखेच असतात. कामाच्या दिवशीं पांचला चालू, साडेपांचला बंद, रविवारीं सातला, घरांतील सर्वांचे मोबाईल बाहेर असतील तर मुळींच नाहीं, आणि कोणत्याहि कारणानें चालू झाला तरी पाऊण तासाच्या वर नाहीं. इतकें एका सुटीच्या दिवसांत जमतें. खरी बुद्धि लागते ती गच्चीवरील पाण्याचा विचार नियमांत आणतांना.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनें ह्या शतकाच्या पहिल्याच दशकांत नव्या इमारतींवर पाणी तापविणारें सोलर बसविणें सक्तीचें केलें. त्यामुळें ह्या भागांतील कित्येक घरांत दोन प्रकारचें ऊन पाणी असतें: गच्चीवरून येणारें आणि गीझरचें. पहिलें आयतें, तरीहि पुष्कळ लोक गीझरच लावतात. कारण सोलरच्या नळींत रात्रभर उभें राहिलेलें पाणी गार झालेलें असतें. तें बादलीभर जाऊं द्यावें तेव्हां कोठें ऊन पाणी येतें, आणि तें येईल कीं नाहीं ह्याची खात्री नसते. घाईच्या वेळीं कोण वाट पाहणार? येथें संगणक उपयोगीं पडतो, पण मापक कोठें बांधला ह्यावर सगळें अवलंबून आहे. न्हाणीघरांतील नळीला बांधला तर पहांटे तो गार नळीचेंच उष्णतामान सांगेल आणि संगणक रोज गीझर लावील. मापक गच्चीवरील सोलरच्या टांकीच्या निघत्या नळीला हवा. त्यासाठीं सोसायटीची संमति लागते, आणि चार-सहा मजल्यांच्या काँक्रीटमधून वायफाय खालीं पोंचेलच असें नाहीं. तें न जमल्यास एक साधा तोडगा आहे. सकाळचें सोलरचें पाणी म्हणजे आदल्या दिवशींचें ऊन. हवामानाची माहिती सॉफ्टवेअरला मिळत असते; काल दिवसभर आकाश निरभ्र असेल तर पांचला गीझर न लावतां मोबाईलवर ‘आज गच्चीचें पाणी’ एवढाच निरोप द्यावयाचा, आणि आभाळ भरलेलें असेल तर गीझर लावावयाचा. आक्टोबरपासून मेपर्यंत हा नियम पुष्कळ दिवस एक एक युनिट वांचवितो. गळतीच्या पंधरा युनिटांपेक्षां ही बचत मोठी असूं शकते, आणि आषाढ-श्रावणांत मात्र तिची आशा धरूं नये. गार पाण्याची ती पहिली बादली फरशी पुसण्यास ठेवावी हें सांगावयास संगणक नको.

दुसरा मोह विजेच्या दरांचा. टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ ह्या वेळांत वापरलेल्या विजेवर युनिटामागें ८० पैशांपासून पुढें सवलत महावितरणच्या २०२५ च्या दरांत १ जुलैपासून ठेवण्यांत आली. दर बदलत असतात. आपल्या बिलावर काय छापलें आहे तेंच प्रमाण. ही सवलत वाचून कोणासहि वाटेल कीं सायंकाळीं साडेचारला टांकी तापवून पहांटेपर्यंत ठेवावी. हिशेब मात्र उलटा निघतो. युनिटामागें रुपया सुटला असें धरलें तरी बारा तासांत पाव युनिटाच्या आसपास उष्णता गळते, आणि युनिटास नऊ रुपये पडत असतील तर दोन रुपयांचा तोटा होतो. पहांटे न्हाणाऱ्याचें पाणी पहांटेच तापवावें. अकराला न्हाणाऱ्या आईचें पाणी साडेदहाला तापविलें तर तें आपोआपच सवलतींत बसतें; घरांतल्या सर्वांत कमी घाईच्या माणसाची आंघोळ सर्वांत स्वस्त पडते, हा योग मोठा गंमतीचा आहे.

आतां धोक्याविषयीं, आणि येथें घाई उपयोगाची नाहीं. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टांवर जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ३,००० वॅटचा, लौकर पाणी देणारा, १३ अँपिअर. बाजारांतील स्वस्त रिलेवर १० अँपिअर असें छापलेलें असतें. तो रोज जवळजवळ पूर्ण भारानें चालला कीं त्याचीं टोकें तापतात आणि एखाद्या दिवशीं एकमेकांस चिकटून बसतात. मग मोबाईलवर ‘बंद’ दिसतें आणि गीझर चालूच असतो. म्हणून खटका १६ अँपिअरचा आणि चांगल्या प्रतीचा असावा, किंवा लहान रिलेनें मोठा कॉन्टॅक्टर चालवावा. आणि तो न्हाणीघराच्या बाहेर, कोरड्या जागीं, वायरमनकडून बसवून घ्यावा. गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट, अति तापल्यास प्रवाह तोडणारा कटआउट आणि दाब वाढल्यास पाणी सोडणारा व्हॉल्व्ह ह्या तिघांना हात लावूं नये. संगणकानें फक्त वेळ सांगावी. उष्णतामान आवरणें हें त्या धातूच्या तुकड्यांचें काम. त्यांना वायफाय लागत नाहीं. अर्थिंग चांगलें आहे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ह्याची खात्री नसेल तर गीझर संगणकानें चालवावा काय हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तो हातानेंहि चालवूं नये.

बादलींत सोडावयाचा रॉड स्वयंचलित करण्याचा विचार कोणी मनांतहि आणूं नये. बादलींत पाणी आहे कीं नाहीं, पाण्यांत कोणाचा हात आहे कीं काय, हें दूरच्या खटक्यास कळत नाहीं. तीच गोष्ट नळदुरुस्तीच्या दिवसाची. टांकी रिकामी केली असतां नियमाप्रमाणें पांचला गीझर लागला तर कॉइल जळतो. प्लंबर आंत असतां लागला तर याहून वाईट होईल. काम सुरू करण्यापूर्वीं एमसीबी खालीं पाडावा. मोबाईलवरचें ‘बंद’ पुरेसें मानूं नये. वीज जाऊन परत आल्यावर रिले बंद स्थितींतच राहील अशी सोयहि आरंभींच करून घ्यावी.

काटकसरीच्या भरांत पाणी चाळीस अंशांवरच ठेवावें, विसण घालण्याचें कामच नको, असें कांहींना सुचतें. १९७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलांत भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांत फुप्फुसांच्या तापानें अनेकजण दगावले. पुढल्या वर्षाच्या आरंभीं त्याचा जंतु सांपडला. त्याला लीजिओनेला हें नांव पडलें. कोमट पाण्यांत, साधारण २० ते ४५ अंशांत, तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे शरीरांत शिरतो. ६० अंशांवर तो टिकत नाहीं. रोज रिकाम्या होणाऱ्या लहान टांकींत भय थोडें, पण आठवडाभर गांवीं जाऊन आल्यावर कोमट पाणी तसेंच शॉवरनें घेऊं नये. टांकी ६० पर्यंत तापूं द्यावी आणि बादलींत विसण घालावें. कढत पाण्याचा नळ आधीं सोडण्याची खोड मात्र मुलांस लागूं देऊं नये.

सर्वांत शेवटीं राहतें तें घरांतील ज्या माणसाजवळ मोबाईल नाहीं त्याचें. मुलानें नियम लिहिले आपल्या लोकलच्या वेळेवर, सुनेनें आपल्या. आणि अकरा वाजतां म्हातारी न्हाणीघरांत गेली तर जुनें बटण दाबूनहि कांहीं होत नाहीं, कारण प्रवाह आतां रिलेच्या हातीं. ज्या घरांत असें घडलें तेथें सगळी यंत्रणा आठवड्यांत उखडली गेली तर नवल नाहीं. त्यासाठीं दाराजवळ, तिच्या हाताच्या उंचीवर, एक साधें बटण बसवावें. त्याची तार संगणकाकडे न नेतां सरळ रिलेस जोडावी आणि पाऊण तासाची मर्यादाहि रिलेमध्येंच घालून ठेवावी. बटण दाबलें कीं नियम कांहींहि असोत, गीझर लागतो. गीझरवरचा तांबडा दिवा विझेपर्यंत तिनें पोथीचीं चार पानें वाचावीं आणि मग न्हावयास जावें. संगणक बिघडलेला असला आणि मुलगा त्या वेळीं मुंबईंत असला, तरी पाणी ऊन असतें.