अमूर्त चित्रकारांच्या ओळखींचा नकाशा कसा वाचावा

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे ज्याला सगळे ‘मोमा’ म्हणतात तिथे, २३ डिसेंबर २०१२ ते १५ एप्रिल २०१३ या काळात ‘इन्व्हेंटिंग ॲब्स्ट्रॅक्शन, १९१०–१९२५’ हे प्रदर्शन भरले होते. आत शिरताना भिंतभर एक आकृती दिसे. त्यात ८०हून अधिक नावे होती आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा गुंता होता. संग्रहालयाने तीच आकृती संकेतस्थळावरही ठेवली. तिथे एखाद्या नावावर क्लिक केले की त्या व्यक्तीच्या रेषा तेवढ्या उठून दिसत. क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची कल्पना आणि मांडणी ठरवणाऱ्या अभ्यासक, होत्या लिआ डिकरमन. आकृतीसाठी त्यांनी कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक पॉल इनग्रॅम यांची मदत घेतली.

असा नकाशा समोर आला की आपण पहिल्यांदा भांबावतो, मग भराभर निष्कर्ष काढू लागतो. म्हणून तो कसा तयार होतो ते आधी क्रमाने पाहू. एकदा ते कळले की वाचणे फारसे अवघड राहत नाही.

सुरुवातीला विषयाची ओळख. अमूर्त चित्र म्हणजे ज्यात माणूस, झाड, फळांची परडी असे ओळखू येणारे काही नसते. रंग, रेषा आणि आकार हेच चित्र. आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण १९१० च्या आसपास हे धाडस होते, आणि म्युनिक, पॅरिस, मॉस्को, न्यूयॉर्क अशा दूरदूरच्या शहरांत ते काही वर्षांच्या आत घडले. इतक्या जणांना हे जवळजवळ एकाच वेळी कसे सुचले, हा प्रश्न मोमाने पुढे ठेवला. उत्तर ओळखीपाळखींत शोधायचे ठरले.

या आकृतीला एक पूर्वज आहे. मोमाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार यांनी १९३६ च्या ‘क्यूबिझम अँड ॲब्स्ट्रॅक्ट आर्ट’ या प्रदर्शनासाठी एक तक्ता काढला होता. वर १८९०, खाली १९३५, मधे एका चळवळीकडून दुसरीकडे जाणारे बाण, आणि तळाशी अमूर्त कलेच्या दोन शाखा: एक भौमितिक, दुसरी तशी नसलेली. त्या तक्त्यात मुख्यतः चळवळी आहेत आणि बाण कुणापासून कुणाकडे प्रभाव गेला ते सांगतात. मोमाच्या नव्या आकृतीत माणसे आहेत आणि रेषेला बाणच नाही. हा फरक बारीक वाटला तरी पुढच्या सगळ्या वाचनाची किल्ली तोच आहे.

आता नकाशा बनवण्याची पहिली पायरी: हद्द आखणे. कोणती वर्षे, कोणती माणसे? इथे १९१० ते १९२५ हा काळ धरला आणि चित्रकारांबरोबर कवी, संगीतकार, संपादकही घेतले. हद्द आखली की काही गोष्टी बाहेर पडतातच. रशियन चित्रकार मालेविच १९२७ मध्ये जर्मनीत गेला, डेसाऊच्या बाउहाउस कलाशाळेतही जाऊन आला. पण नकाशा १९२५ लाच थांबतो, त्यामुळे त्या भेटी त्यात मोजल्या जात नाहीत. म्हणून कोणताही नकाशा उघडला की आधी त्याची वर्षे पाहावीत. अनेकजण हे पाहतच नाहीत.

दुसरी पायरी सगळ्यात नाजूक: रेष कशाला म्हणायचे ते ठरवणे. मोमाचा नियम असा होता की त्या वर्षांत दोघांची एकमेकांशी ओळख होती याचा पुरावा असेल तरच रेष. वाचायला सोपे, लावायला गेलो की कठीण. एकच उदाहरण जवळून पाहू.

१९११ च्या जानेवारीच्या सुरुवातीला वासिली कॅन्डिन्स्की आणि फ्रान्झ मार्क हे चित्रकार म्युनिकमध्ये अर्नॉल्ड शोनबर्ग या संगीतकाराच्या रचनांच्या मैफलीला गेले. कॅन्डिन्स्कीवर त्या संगीताचा इतका परिणाम झाला की त्याने लगेच एक चित्र काढले, ‘इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)’. ते आता म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. चित्रात पिवळा रंग नुसता पसरत गेला आहे, वरच्या बाजूला मोठा काळा आकार आहे, आणि तो पियानो आहे हे सांगितल्यावर पटते. १८ जानेवारीला कॅन्डिन्स्कीने शोनबर्गला पत्र लिहिले, तेव्हा दोघांची भेट झालेली नव्हती. वर्षअखेरीस कॅन्डिन्स्की आणि मार्क यांच्या ‘ब्लाउअ रायटर’ गटाच्या पहिल्या प्रदर्शनात शोनबर्गची चित्रे लागली. हा संगीतकार चित्रेही काढत असे.

मग रेष कधीपासून धरायची? मैफलीच्या रात्रीपासून म्हणावे तर शोनबर्गला कॅन्डिन्स्कीचे नावही ठाऊक नसेल. पत्रापासून म्हणावे तर चित्र आधीच काढून झाले होते. नकाशाच्या दृष्टीने ही तक्रार गैरलागू आहे. पत्र आहे, म्हणजे ओळख आहे, रेष पक्की. पण आपण लक्षात ठेवावे की इथे कलेतली घटना ओळखीच्या आधी घडली.

याच्या उलट प्रकारही सापडतो. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार आणि गॅलरीवाला आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने तिथल्याच १९१३ च्या आर्मरी शो या कलाप्रदर्शनात कॅन्डिन्स्कीचे ‘इम्प्रोव्हायझेशन २७’ विकत घेतले. त्याआधी १९१२ मध्ये आपल्या ‘कॅमेरा वर्क’ नियतकालिकात कॅन्डिन्स्कीच्या पुस्तकातला उताराही छापला होता. पुस्तक वाचले, चित्र घेतले, भिंतीवर लावले. याला ओळख म्हणायचे का? नियम कसा लावता त्यावर उत्तर बदलते. चांगला नकाशा आपला नियम आकृतीजवळच छापतो. तो कुठे छापलेलाच नसेल तर त्या नकाशावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी पुराव्याची. पत्रे, रोजनिश्या, प्रदर्शनांच्या सूची, छायाचित्रे, नियतकालिकांचे अंक हे सगळे चाळावे लागते. छायाचित्रांशी जपून वागावे: लग्नाच्या अल्बममध्ये शेजारी उभे असलेले दोघे एकमेकांना ओळखतातच असे नाही, तसेच गटाच्या फोटोचे असते. पत्रांची अडचण वेगळी. ज्याने पत्रे जपली किंवा ज्याच्यामागे ती जपणारे कुणी होते, त्याच्या रेषा वाढतात. ज्याचे घर युद्धात गेले त्याच्या कमी होतात. म्हणजे रेषांची संख्या थोडी मैत्रीची आणि थोडी कपाटातल्या कागदांची असते.

चौथी पायरी नावांची, आणि इथे घोळ हमखास होतो. एकच माणूस दोन भाषांत दोन नावांनी वावरतो. कलावंत आर्प जर्मनमध्ये हान्स, फ्रेंचमध्ये जाँ. चित्रकार सोनिया लग्नाआधी टेर्क, नंतर डेलोने. डच चित्रकार मॉन्ड्रियानने तर आपल्या आडनावातला एक ‘ए’ गाळला. सगळ्यात अवघड चित्रकार थिओ फान डूसबर्ग. त्याचे जन्मनाव कूपर, आणि डाडा या बंडखोर कलाचळवळीच्या पद्धतीच्या कविता तो आय. के. बॉन्सेट या नावाने छापत असे. संगणकाला हे सांगितले नाही तर तो एका माणसाचे तीन करील. वर या तिघांची एकमेकांशी घट्ट ओळख असल्याचेही दाखवील.

पुढची पायरी कंटाळवाणी पण सरळ आहे. एक्सेलसारख्या तक्त्यात दोन रकाने करायचे. पहिल्यात एक नाव, दुसऱ्यात त्याच्या ओळखीचे दुसरे. प्रत्येक ओळ म्हणजे एक रेष. तिसऱ्या रकान्यात पुरावा कोणता आणि कोणत्या वर्षाचा, ते लिहावे. हा तिसरा रकाना आळसाने गाळला तर पुढे कुणी शंका काढली की हातात काहीच राहत नाही.

मग मोजणी. सगळ्यात साधे माप म्हणजे एका नावाला किती रेषा आहेत ते. याला जोडसंख्या म्हणू. मोमाने ज्यांची जोडसंख्या सर्वांत जास्त त्यांची नावे लाल रंगात छापली. त्यांत कॅन्डिन्स्की, सोनिया डेलोने, कवी आपोलिनेर, त्रिस्तान त्झारा अशी मंडळी होती. दुसरे माप मध्यस्थतेचे: दोन गटांमधली वाट कुणाच्या दारावरून जाते? एखाद्याच्या रेषा मोजक्या असतील, पण तो नसेल तर पॅरिस आणि मॉस्कोचे बोलणेच तुटेल, असे होऊ शकते. जोडसंख्या पाहून अशी माणसे सापडत नाहीत.

लाल नावांकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांतले कितीतरी जण नुसते चित्रकार नव्हते, काहीजण तर चित्रकारच नव्हते. आपोलिनेर ‘ले स्वारे द पारी’ हे मासिक चालवी, त्झारा ‘डाडा’ काढी, कॅन्डिन्स्कीने मार्कबरोबर १९१२ चा ‘ब्लाउअ रायटर’ वार्षिकांक संपादित केला. संपादकाला सगळ्यांना पत्रे लिहावीच लागतात. पिकासोही या जाळ्यात आहे. १९१० मध्ये तो अमूर्ताच्या अगदी काठावर आला आणि परत फिरला, पण त्याला न ओळखणारा विरळा. तेव्हा लाल नाव म्हणजे थोर अमूर्त चित्रकार, असे समीकरण मांडू नये.

पॉल इनग्रॅम आणि मिताली बॅनर्जी यांनी पुढे या काळातल्या ९० कलावंतांवर एक अभ्यास केला. कामातली नवता त्यांनी संगणकाने आणि तज्ज्ञांकडून, दोन्ही वाटांनी मोजली. प्रसिद्धीचा तिच्याशी संबंध लागला नाही. तऱ्हेतऱ्हेच्या लोकांशी असलेल्या मैत्रीशी मात्र प्रसिद्धीचा संबंध लागला. चित्रकार मंडळींना हे वाचून फारसे आश्चर्य वाटेल असे नाही.

आता आकृती पडद्यावर कशी उभी राहते ते पाहू. नावे कुठे ठेवायची ते बहुधा संगणकाची आज्ञावली ठरवते: जोडलेली नावे एकमेकांकडे ओढायची, बाकीची दूर ढकलायची, आणि गुंता जरा सुटा दिसेपर्यंत हे चालू ठेवायचे. तीच आज्ञावली पुन्हा चालवली तर तीच नावे दुसरीकडे जाऊन बसू शकतात. म्हणून नकाशातले अंतर सेंटिमीटरने वाचू नये. दोन नावे शेजारी आली पण मधे रेष नाही, तर ती शेजारी आहेत याला काही अर्थ नाही.

काळाचे काय? स्थिर आकृतीत १९१० आणि १९२५ एकाच कागदावर चपटे होतात. फ्रान्झ मार्क ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दूनच्या रणभूमीवर मारला गेला. त्याच्या रेषा त्याच्यापुरत्या तिथेच संपल्या, पण आकृतीत त्या इतरांइतक्याच ठळक राहतात. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच रशियन नागरिक असलेल्या कॅन्डिन्स्कीला जर्मनी सोडावी लागली. तो परतला १९२१ च्या अखेरीस. मॉन्ड्रियान वडिलांच्या आजारपणासाठी पॅरिसहून हॉलंडला गेला आणि युद्धामुळे तिथेच अडकला. त्या अडकण्यातूनच डूसबर्गशी ओळख झाली आणि १९१७ चे ‘द स्टेल’ मासिक निघाले. वर्ष पुढेमागे सरकवायची पट्टी असलेला नकाशा मिळाला तर तोच निवडावा.

रेष नसण्याचे काय करायचे, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासून अमूर्त चित्रे काढत होती, कॅन्डिन्स्कीच्या कितीतरी आधी. मोमाच्या प्रदर्शनात ती नव्हती, आणि त्यावर बरीच टीका झाली. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ही चित्रे दाखवू नयेत, अशी तिची इच्छा होती. ती १९४४ मध्ये गेली. तिचा या मंडळींशी व्यवहारच नसेल तर ओळखींच्या नकाशात ती येणार कशी? नियमाला धरून ती बाहेर राहते. पण अमूर्त कला केवळ परस्परांच्या ओळखीतून जन्मली असे कुणी सांगू लागले, तर तिची चित्रे ते खोटे पाडतात. न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयात २०१८–१९ मध्ये तिचे प्रदर्शन भरले तेव्हा तिथल्या गर्दीचे आधीचे उच्चांक मोडले.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊन पाहा. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने भरवलेल्या प्रदर्शनात बाउहाउसची चित्रे आली. त्यांत चित्रकार पॉल क्ले आणि कॅन्डिन्स्की यांची चित्रे होती. त्याच प्रदर्शनात गगनेंद्रनाथ टागोरांची क्यूबिस्ट वळणाची, म्हणजे आकार कोनाकोनांत मोडणारी, चित्रे लागली. बाउहाउसची चित्रे मागवली कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी, तिथल्या योहान्नेस इटेन यांना लिहून. आता तक्ता भरायला घेतला तर क्रामरिश आणि इटेन ही ओळ नियमात बसते, तिसऱ्या रकान्यात त्यांचा पत्रव्यवहार येतो. गगनेंद्रनाथ आणि क्ले मात्र बसत नाहीत, कारण भेटली ती त्यांची चित्रे. त्यांनाही नकाशात घ्यायचे असेल तर ‘एकाच प्रदर्शनात चित्रे’ असा दुसरा नियम लिहावा, ती रेष तुटक काढावी, आणि जोडसंख्या मोजताना ती पहिल्या रेषांत मिसळू नये.