गर्भवतीची औषधे व गर्भाची अस्थिवृद्धी

गर्भवतीने घेतलेली अनेक औषधे वारेतून (अपरेतून) गर्भाच्या रक्तात जातात. त्यांपैकी काहींमुळे वाढत्या हाडांची घडण किंवा त्यांतील खनिजांचा संचय बिघडतो. परिणाम कोणता होईल, हे औषधाइतकेच गर्भाच्या वयावर अवलंबून असते.

निषेचनानंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हातापायांचे अंकुर दिसू लागतात. बहुतेक हाडांचे साचे प्रथम कूर्चेचे (मऊ, लवचिक ऊतकाचे) असतात; सातव्या-आठव्या आठवड्यापासून त्यांच्या अस्थिभवनास आरंभ होतो. प. जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे शामक औषध निषेचनानंतर सु. २० ते ३६ दिवसांच्या अवधीत घेतले गेल्यास लांब हाडे खुरटत किंवा तयारच होत नसत. १९६१ मध्ये ते तेथे मागे घेण्यात आले. तोपर्यंत निरनिराळ्या देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाली होती. या दिवसांत पुष्कळ स्त्रियांना गर्भ राहिल्याचे ठाऊकही नसते.

कृत्रिम हृदयझडप बसविलेल्या स्त्रियांना रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन देतात. ते पहिल्या तिमाहीत चालू राहिल्यास के जीवनसत्त्वावर अवलंबून असणारी हाडांतील प्रथिने अकार्यक्षम राहून नाक बसके होते व हाडांच्या टोकांशी कॅल्शियमाचे ठिपके दिसतात. हेपारीन वार ओलांडत नाही. तथापि झडपेवर गुठळी होण्याचा धोका मोठा असल्याने औषधातील बदल तज्ञानेच करावयाचा असतो.

प्रसूतीपर्यंत गर्भाच्या शरीरात सु. ३० ग्रॅ. कॅल्शियम साठते व त्यातील बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत. टेट्रासायक्लीन कॅल्शियमाशी बद्ध होऊन हाडांत व दुधाच्या दातांत उतरते. हाडांची मंदावलेली वाढ औषध थांबल्यावर बहुधा पूर्ववत होते. दातांचा पिवळट-तपकिरी डाग मात्र जात नाही. अकाली कळा थांबविण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट ५ ते ७ दिवसांहून अधिक काळ शिरेवाटे दिल्यास गर्भाची हाडे विरळ होतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. रक्तदाबामुळे गर्भवतीस येणाऱ्या झटक्यांवर हेच औषध अल्पकाळ दिल्यास प्राण वाचतात. त्यास हा आक्षेप लागू नाही.

म्हणून औषध लिहून देणाऱ्यास गर्भाचे वय कळणे आवश्यक असते. स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत नेमके हेच अवघड ठरते. तेलगाव (ता. धारूर, जि. बीड) ज्या भागात आहे तेथील अनेक जोडपी गळीत हंगामात ऊसतोडीस जातात. गर्भधारणा फडावर होते, नोंदणीचे आरोग्य केंद्र गावी राहते आणि ताप वा अंगदुखीसाठी जवळच्या दुकानातून, चुकलेल्या पाळीचा उल्लेखही न होता, गोळ्या आणल्या जातात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असल्यास परक्या गावच्या डॉक्टरासही महिने मोजता येतात.

सर्वच औषधे वर्ज्य समजणे हीही चूक होय. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार १४ व्या आठवड्यापासून ५०० मिग्रॅ. कॅल्शियमाची ड जीवनसत्त्वयुक्त गोळी दिवसातून दोनदा देतात. ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा लोहाचे शोषण घटते.