फंडातून बाहेर पडण्याचा प्रश्न : सोलापूरच्या कामगारांच्या सात दशकांचा मागोवा

उतारवयाच्या तरतुदीसाठी वेतनातून सक्तीने कपात करण्याची पद्धत सोलापुरात कापडगिरण्यांच्या वाटेने आली. १८७७ साली सुरू झालेली व पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, तिच्यामागून उभ्या राहिलेल्या लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंगगिरजी या गिरण्या यांनी शहरात मोठा कामगारवर्ग घडवला होता. आणि १९५२ चा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा ज्या सहा उद्योगांना प्रथम लागू झाला त्यांत कापडउद्योग असल्याने या वर्गाला ‘फंडा’ची ओळख लवकर झाली. कामगाराच्या वेतनातून ठरावीक टक्के रक्कम कापायची, तेवढीच मालकाने घालायची आणि नोकरी सुटताना ती व्याजासह परत द्यायची, एवढेच या योजनेचे मूळ रूप होते. त्यात निवृत्तिवेतन नव्हते.

कामगाराला निवड करू देण्याचा विचार या व्यवस्थेला परका नव्हता. मृत सभासदाच्या कुटुंबासाठी १ मार्च १९७१ पासून कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली, तेव्हा जुन्या सभासदांना तीत यायचे की नाही हे ठरवण्याची मुभा होती, नव्यांना नव्हती. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली, तेव्हाही १९७१ च्या योजनेत न गेलेल्यांनाच बाहेर राहता आले. मुभा मिळाली ती अशी संक्रमणाच्या वेळी, एकदाच. पुढे वेतनमर्यादेमुळे आणखी एक वाट राहिली : सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा दरमहा १५,००० रुपये आहे आणि पूर्वी सभासद नसलेला जो कर्मचारी त्याहून अधिक वेतनावर रुजू होतो, त्याला फंडाबाहेर राहता येते. म्हणजे बाहेर राहण्याचा कायदेशीर हक्क त्यातल्या त्यात बऱ्या पगाराच्या माणसाकडे आहे, विडी वळणाऱ्या बाईकडे नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील, बहुतांशी तेलुगूभाषक घरांतील या विडी कामगार स्त्रियांचा इतिहास प्रस्तुत प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. कारखान्यातून तेंदूपाने, तंबाखू आणि सूत घरी न्यायचे, पाने भिजवून मापाने कातरायची, विड्या वळून बांधायच्या आणि हजारी दराने मजुरी घेण्यासाठी माल कारखान्यात जमा करायचा, असे हे काम चालते. तपासणीत नापसंत ठरलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला निघतात आणि त्यांची मजुरी बुडते. १९७७ साली विडीउद्योग फंडाच्या कक्षेत आणला गेला, तेव्हा घरी बसून काम करणारी स्त्री आपली कामगारच नव्हे, असा मालकांचा दावा होता. तो फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स प्रकरणात असे मानले की, नापसंत विड्या नाकारण्याचा अधिकार हाच मालकाच्या नियंत्रणाचा पुरेसा पुरावा आहे. ज्या छाटीने तिची मजुरी कमी होत होती, तिच्याच आधारे ती कायद्याने कामगार ठरली. या स्त्रियांनी फंडाबाहेर राहण्याची निवड केव्हाही केलेली नव्हती. त्या आठ वर्षांत त्यांना बाहेर ठेवू पाहणारे दुसरेच होते.

यंत्रमागांची कथा याहून कमी स्पष्ट, पण त्याच दिशेची आहे. गिरण्यांना उतरती कळा लागली तशी चादर आणि टॉवेल विणणाऱ्या छोट्या कारखान्यांवर शहराची भिस्त वाढली. १९६० च्या दुरुस्तीने कायदा लागू होण्यासाठीची कामगारसंख्या ५० वरून २० वर आणली आणि शाखा-विभाग एकाच आस्थापनेचे भाग मानावेत असेही सांगितले. तरी एका छपराखालचे माग घरातल्या वेगवेगळ्या नावांवर असले, की २० चा आकडा भरतो की नाही, हा वाद उभा राहतो. आठवड्याच्या पगारावर आणि उचलीवर घर चालवणारा कामगार कपात नको म्हणतो, हे खरे आहे; पण मालकाचा हिस्साही त्याबरोबर जातो, हे त्याला त्या वेळी क्वचितच सांगितले जाते.

सक्ती शिथिल करण्याचा सर्वांत ठळक प्रस्ताव २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आला. अरुण जेटली यांनी फंड किंवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली यांपैकी एक निवडण्याची आणि ठरावीक उत्पन्नाखालील कामगारांना स्वतःचा हिस्सा ऐच्छिक करण्याची, मात्र मालकाचा हिस्सा कायम ठेवण्याची कल्पना मांडली. ही शेवटची अट प्रामाणिक होती आणि तिची दखल घ्यायला हवी. तरीही कामगार संघटनांनी विरोध केला, प्रस्ताव अमलात आला नाही, आणि ते योग्यच झाले. कारण काम देणे न देणे ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर भरलेला पर्यायाचा अर्ज स्वेच्छेने भरला गेला असे समजता येत नाही. ब्रिटनमध्ये १९८८ नंतर अनेकांनी मालकाची निवृत्तिवेतन योजना सोडून खासगी योजना घेतल्या, त्यांतील पुष्कळांना चुकीचा सल्ला दिला गेल्याचे पुढे सिद्ध झाले आणि कंपन्यांना भरपाई द्यावी लागली. तिथे माहिती आणि नियमन दोन्ही इथल्यापेक्षा अधिक होते.

मात्र सक्तीचे समर्थन करणाऱ्याने सक्तीतून काय मिळते तेही पाहिले पाहिजे. विडीउद्योगात दोन्ही बाजूंचा हिस्सा वेतनाच्या प्रत्येकी १० टक्के आहे; मालकाच्या १० पैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे वळतात आणि दहा वर्षांची सेवा भरली तरच मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. निवृत्तिवेतनासाठी धरलेले वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे याचे सूत्र आहे. सरासरी ३,५०० रुपये वेतन आणि १५ वर्षांची सेवा धरली, तर उत्तर ७५० रुपये येते. सप्टेंबर २०१४ पासून किमान मर्यादा १,००० रुपये ठरल्यामुळे तेवढे हाती पडतात. शिवाय एका पासबुकावर सासू-सुना मिळून विड्या वळत असतील, तर सेवा एकीचीच नोंदली जाते, आणि तेलुगू नावाचे स्पेलिंग पासबुकात एक, आधारकार्डावर दुसरे असले की स्वतःचा पैसा काढायलाही हेलपाटे घालावे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्या फंड काढण्यावर घातलेल्या नव्या बंधनांविरुद्ध. सरकारला ती मागे घ्यावी लागली. फंड हवा, पण गरजेला हाताशी हवा, अशी ती मागणी होती. तिला ‘बाहेर पडण्याची इच्छा’ म्हणणे हा तिचा विपर्यास ठरेल.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने २० कामगारांची अट तशीच ठेवली, आणि जी आस्थापना मालक व बहुसंख्य कामगारांच्या संमतीने स्वखुशीने योजनेत आली, तिला संमतीनेच बाहेर पडण्याचीही तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली आहे. बारा-पंधरा मागांच्या कारखान्यात ही संमती कशी घेतली जाते, कागदावर अंगठा उठवणाऱ्याला मालकाचा हिस्सा किती होता हे आधी सांगितले जाते का, याची तपासणी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने कारखान्यात जाऊन करणे आवश्यक आहे; आणि १,००० रुपयांची मर्यादा वाढवण्याचे काम त्याहून निकडीचे आहे.