जोकर गेला, जांभळ्या परतला!

मॅकडोनाल्ड्सच्या बाहेर बाकावर पायावर पाय टाकून बसलेला लाल केसांचा जोकर आठवतोय? लहानपणी त्याला टेकून तुम्हीही फोटो काढला असेल. तोच रोनाल्ड. 1963मध्ये अमेरिकेत टीव्हीच्या जाहिरातीत तो पहिल्यांदा झळकला. 1971मध्ये बर्गर पळवणारा हॅम्बर्गलर आला आणि मिल्कशेक चोरणारा चार हातांचा जांभळा ग्रिमेसही. पुढे ग्रिमेसचे दोन हात गेले, खलनायकीही गेली, स्वारी गोंडस झाली!

1979मध्ये हॅपी मील आलं. मग हट्ट बर्गरचा कुठे राहिला? डब्यातल्या खेळण्याचा! आईबाबांच्या खिशाचा रस्ता कंपनीने पोरांकडूनच काढला.

2016मध्ये अमेरिकेत भीतीदायक जोकरांचे किस्से वाढले आणि रोनाल्डला मागे ठेवण्यात आलं. 2023मध्ये मात्र ग्रिमेसचा 'वाढदिवस' झाला, जांभळा शेक आला आणि टिकटॉकवर नुसता धुमाकूळ. व्हिडिओ करणारी बच्चेकंपनी नव्हती बरं का, तुमच्या-आमच्या वयाची तरुणाई होती.

तेव्हा खेळणं दाखवून खाऊ विकला, आता आठवण दाखवून. कपाटातलं जुनं खेळणं बिनधास्त जपा. पण 'लिमिटेड एडिशन' बघून हात खिशाकडे गेला, की स्वतःला एकदा विचारा: भूक लागलीय, की आठवण आलीय?