ओला ओंडका आणि कातकाम

वादळात पडलेला आंबा बहुधा सरपणात जातो. मला ते पाहवत नाही. त्याच ओंडक्यातून कातारी वाडगे घडवू शकतो. मात्र आंब्याला बुरशी व भुंगेरे लवकर लागतात, म्हणून दिरंगाई नको. वाळताना लाकूड गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या जवळजवळ दुप्पट वलयांच्या दिशेने आकसते. म्हणूनच अख्खा ओंडका तडकतो. तो उभा चिरून मधला गाभा काढून टाकावा. टोकांतून ओल सर्वांत वेगाने उडते, तेथे त्याच दिवशी मेण लावावे. जुन्या वाशातले खिळे आधी शोधावेत. ठोकळे सावलीत, हवेशीर जागी रचून अधूनमधून वजन करावे. वजन घटायचे थांबले, की ठोकळा लेथवर चढवण्याजोगा झाला असे समजावे.