खानदेशाचे पर्यावरण व जागतिक प्रवाह

खानदेशाचे पर्यावरण व जागतिक प्रवाह : लोकसंख्या, व्यापार, तंत्रविद्या, ऊर्जेचा वापर, रोगप्रसार, जलवायुमान इत्यादींमध्ये अनेक दशके एकाच दिशेने होत राहणाऱ्या आणि पृथ्वीचा मोठा भाग व्यापणाऱ्या बदलांना दीर्घकालीन जागतिक प्रवाह म्हणतात. एखाद्या प्रदेशाला असे प्रवाह स्वतः थांबविता येत नाहीत. तेथील जमीन, पाणी, वने व हवा यांवर मात्र त्यांचे परिणाम होत राहतात. कोपनहेगन येथील यूरोपीय पर्यावरण संस्थेने २०१० मध्ये यूरोपच्या पर्यावरणावर परिणाम करू शकणाऱ्या अशा अकरा प्रवाहांची मांडणी केली होती. खानदेशासारख्या शेतीप्रधान व बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात तेच प्रवाह निराळ्या मार्गांनी पोहोचतात. कापसाचा भाव, केळीची मागणी, उन्हाळ्याची तीव्रता, विजेचा दर हे विषय वरवर पाहता वेगवेगळे वाटतात. पण येथे त्यांपैकी बहुतेकांचा भार अखेर भूजलावर पडतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा विचार केला आहे. मूळच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सु. ४२ लाख, तर धुळे जिल्ह्याची सु. २०.५ लाख होती.

भूरचना व पाणी : उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा–अजिंठा डोंगररांगा यांमधील खचदरीतून तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणाऱ्या या नदीची लांबी ७२४ किमी. असून, तिच्या सु. ६५,००० चौ. किमी. खोऱ्यापैकी तीनचतुर्थांशांहून अधिक भाग महाराष्ट्रात आहे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या दक्षिणेकडील, तर सुकी, मोर, अनेर, अरुणावती या उत्तरेकडील उपनद्या होत. वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे ६० ते ७५ सेंमी. असून, बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. साक्री, धुळे, अमळनेर व पारोळा या पट्ट्यात तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे कमी असतो. मे महिन्यात जळगाव व भुसावळ येथील तापमान ४५° से.च्या वर गेल्याची नोंद अनेकदा झालेली आहे.

तापीच्या दक्षिणेस बव्हंशी बेसाल्ट खडक आढळतो. त्यात पाणी राहते ते अपक्षीण थरांत व भेगांत. म्हणून तेथील विहीर पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात आटते. नदीच्या उत्तरेस यावल, रावेर व चोपडा या तालुक्यांत स्थिती वेगळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या विभंगालगत गाळाचे जाड थर साचले असून त्यांत दीर्घकाळ मुरत आलेले पाणी साठलेले आहे. डोंगर जेथे संपतो, तेथे गोटे व भरड वाळू यांचा एक अरुंद पट्टा असून त्यास भूवैज्ञानिक ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले या पट्ट्यात शिरताच क्षीण होतात, कारण त्यांचे पाणी जमिनीत उतरते. खालच्या सपाटीवरील विहिरींना पाणी मिळते ते मुख्यतः या वाटेने. ही वाट अरुंद असून तीतून भरणाऱ्या साठ्याला एका पिढीत रिकामे करता येईल, पण तितक्या वेगाने भरता येणार नाही.

जागतिक बाजारपेठेचा प्रारंभिक परिणाम : खानदेशाचा जागतिक प्रवाहांशी संबंध अलीकडचा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि त्यांची मागणी पश्चिम भारताकडे वळली. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशात आल्यामुळे जळगाव व भुसावळ परिसरातील कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले. परंतु लागवडीखाली आलेली पडीक जमीन व तुटलेली झाडी पूर्ववत झाली नाही. भाव वर्षा-दोन वर्षांत उतरतो, जमिनीच्या वापरात त्याने घडविलेला फरक मात्र दीर्घकाळ टिकतो, ही गोष्ट पुढील प्रत्येक टप्प्यावर दिसून येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकरित वाणे व रासायनिक खते आली आणि २००२ मध्ये जनुकीय परिवर्तित ‘बीटी’ कापसास परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच येथील जवळजवळ संपूर्ण क्षेत्र या वाणांखाली गेले. देशी कापूस तर मागे पडलाच. परंतु तापीकाठच्या काळ्या जमिनीत केवळ साठलेल्या ओलीवर येणारी ‘दादर’ ही रब्बी ज्वारीही आक्रसली. दादरला पाटाचे अगर विहिरीचे पाणी लागत नसे आणि तिच्यापासून कडबाही मिळे. तिची जागा घेणारी पिके, विशेषतः मका व मेअखेर ठिबकावर लावला जाणारा मान्सूनपूर्व कापूस, पाण्याची मागणी अगदी टंचाईच्या महिन्यांत करतात. गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांस दाद न देता २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. एकाच वाणावर भिस्त ठेवल्याने येणारा धोका त्यावरून कळून आला.

केळी व भूजल : रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध असून ‘जळगाव केळी’स २०१६ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. जून-जुलैतील लागवडीस ‘मृगबाग’ व पावसाळ्यानंतरच्या लागवडीस ‘कांदेबाग’ म्हणतात. रावेर व सावदा येथून रेल्वेने केळी उत्तर भारतात जात. नंतर मालमोटारींनी व अलीकडे आखाती देशांकडे निर्यातही होऊ लागली. या पिकास वर्षभरात सु. १८० ते २०० सेंमी. पाणी लागते, म्हणजे पावसाने मिळणाऱ्या पाण्याच्या सु. अडीच पट. पाऊस व गरज यांतील ही तूट भूजलातून भरून निघत आली. मोटेच्या काळात उपसा बैलांच्या शक्तीपुरता मर्यादित होता. विजेचे पंप आल्यावर ती मर्यादा गेली. विहिरी खोल झाल्या, विहिरींत आडवे-उभे बोअर घेतले गेले, मग कूपनलिका व पाणबुडे पंप आले. पाण्याची पातळी खाली जात राहिली आणि यावल व रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशाचे क्षेत्र म्हणून गणले गेले. खोल कूपनलिका ज्याला परवडते त्याची बाग टिकते, शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर मात्र कोरडी पडते. त्यामुळे पाण्याच्या ऱ्हासाबरोबर पाण्याची मालकीही प्रत्यक्षात बदलत जाते. ही बाब भूजलाच्या आकडेवारीत उमटत नाही.

जळगाव हे ठिबक सिंचनाच्या प्रसाराचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. ठिबकामुळे एकरी पाणी निश्चितच कमी लागते. तथापि वाचलेल्या पाण्यावर बहुधा आणखी क्षेत्र भिजविले जाते. त्यामुळे एकूण उपसा त्या प्रमाणात घटत नाही. जगातील इतर अनेक सिंचित प्रदेशांतही असाच अनुभव आला आहे. तंत्रविद्या पाण्याचा उपयोग सुधारते. किती पाणी उपसावे याचा निर्णय ती घेऊ शकत नाही.

रोगप्रसार हाही एक जागतिक प्रवाह होय. मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ जातीच्या निर्यातक्षम बागा फ्युजेरियम कवकामुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उद्ध्वस्त झाल्या आणि त्यांची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. खानदेशातील बसराई, श्रीमंती व ऊतिसंवर्धनाने प्रसृत झालेली ग्रँड नैन ही सर्व वाणे याच गटातील आहेत. या गटासही मारक ठरणारा कवकाचा नवा प्रकार आशियात पसरला असून भारतात बिहार व उत्तर प्रदेश येथे त्याची नोंद झाली आहे. रोपे, माती व अवजारे यांच्या वाहतुकीबरोबर तो पसरतो आणि एकदा जमिनीत शिरल्यावर तेथे वर्षानुवर्षे टिकून राहतो.

जलवायुमानातील बदल : जलवायुमान बदलांविषयीच्या आंतरशासकीय समितीच्या २०२१ मधील अहवालानुसार २०११–२० या दशकातील पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५०–१९०० या काळातील सरासरीपेक्षा सु. १.१° से. अधिक होते. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये केलेल्या समीक्षेत देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सु. ०.७° से. वाढल्याचे व नैर्ऋत्य मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ या काळात सु. ६ टक्के घटल्याचे नमूद केले आहे. याउलट, मध्य भारतात दिवसाला १५ सेंमी.हून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५०–२०१५ या काळात सु. ७५ टक्क्यांनी वाढल्या. तापमान १° से. वाढले, तर हवेची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे एकीकडे जमीन व पिके यांतून अधिक बाष्प निघून जाते आणि दुसरीकडे पाऊस आला, की थोड्या वेळात पुष्कळ पडतो. शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियातील मोसमी पाऊस एकूण वाढण्याचा संभव वर्तविला जातो. पण वर्षावर्षांतील तफावतही वाढेल, असे मानतात.

खानदेशाच्या दृष्टीने पावसाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याची पडण्याची रीत महत्त्वाची आहे. रिमझिम पाऊस बझाडा पट्ट्यात मुरतो. मुसळधार पावसाचे पाणी मात्र गाळासह नदीत व तेथून उकाई जलाशयात जाते. पाऊस तेवढाच असूनही भूजलाचे पुनर्भरण कमी होणे त्यामुळे शक्य आहे. पूर व अवर्षण हे दोन्ही या प्रदेशाला नवे नाहीत : १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा व पांझरा यांना विनाशकारी पूर आला होता, तर १८९९–१९०० व १९७२–७३ ही दुष्काळाची वर्षे प्रसिद्ध आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. एका घटनेवरून जलवायुमान बदलाचा निष्कर्ष काढता येत नसला, तरी ती वर सांगितलेल्या आकडेवारीशी सुसंगत आहे. केळीवर उष्णतेचा आघात दुहेरी असतो. उष्ण वाऱ्याने पाने करपतात व घड सटकतात; त्यांना वाचविण्यासाठी पाणी अधिक द्यावे लागते, तेही विहिरी सर्वांत खोल गेलेल्या असताना.

ऊर्जा : भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक विद्युत् केंद्र दगडी कोळशावर चालते व त्यास हतनूर धरणाचे पाणी लागते. जगात ऊर्जेचा कल कोळशाकडून वारा व सूर्य यांकडे वळू लागल्यावर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्याचे उघडे माळ एकाएकी मोलाचे ठरले. तेथील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि शिवाजीनगर येथे १२५ मेगॅवॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. या ऊर्जेस पाणी फारसे लागत नाही, हा मोठाच लाभ होय. मात्र ज्यांना पडीक माळ म्हटले जाते, ती पुष्कळदा चराईची राने असतात. सौर कृषिपंपांचा (प्रधानमंत्री कुसुम योजना, २०१९) परिणाम आणखी सूक्ष्म आहे. विजेच्या भारनियमनाने व दराने उपशावर जो थोडाफार आळा बसे, तो ऊन असेपर्यंत फुकट चालणाऱ्या पंपाने उरत नाही. हवेच्या दृष्टीने हितकर असणारा उपाय भूजलाच्या दृष्टीने अहितकर ठरू नये, यासाठी पंपाबरोबर उपशाचे नियमनही यावयास हवे. ते अद्याप झालेले दिसत नाही.

वने : सातपुड्यातील वने म्हणजे बझाडा पट्ट्याचे पाणलोट क्षेत्र होय. यावल अभयारण्य (१९६९) याच भागात आहे. वृक्षतोड व अतिक्रमण यांमुळे वन विरळ झाल्यास नाल्यांचे पाणी वेगाने उतरते व मुरण्यास अवधी मिळत नाही. मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेडा परिसरात वाघ दाट केळीबागांतही वावरतात. वन आणि बाग यांतील सीमा पुसट होत असल्याचे हे लक्षण असून, त्या भागास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला आहे. शहरांच्या वाढीमुळे बांधकामासाठी होणाऱ्या वाळूच्या उपशाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गिरणेच्या पात्रातील वाळू कमी होणे म्हणजे काठच्या विहिरींचे नैसर्गिक गाळणे व साठवण नाहीशी होणे होय.

स्थानिक व्यवस्था व उपाय : पांझरा खोऱ्यातील ‘फड’ ही काही शतके चालत आलेली सिंचनपद्धती या संदर्भात उद्‌बोधक आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी काढीत आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडीत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, फडांची पिके आळीपाळीने बदलावयाची आणि पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड कोरडे ठेवावयाचे, असा नियम असे. पाटकरी, हवालदार, जागल्या हे सेवक गावकऱ्यांनी नेमलेले असत. उपलब्ध पाणी पाहून पीक ठरविणे हे या पद्धतीचे मर्म होते. नदीच्या वरच्या अंगास झालेली धरणे, खाजगी विहिरी व नगदी पिके यांमुळे ती बहुतेक ठिकाणी मोडकळीस आली. भावावरून पीक ठरवावे आणि मग पाणी शोधावे, असा क्रम त्यानंतर रूढ झाला.

एकविसाव्या शतकात शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची मालिका घालण्याचा प्रयोग झाला. त्यास ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणतात. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सु. ४०० हेक्टरांहून अधिक वन नियम घालून राखले व त्यामुळे झरे आणि विहिरी पुन्हा वाहत्या झाल्या. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिला प्रयोग यंत्रे व खर्च यांवर, तर दुसरा गावाच्या संयमावर उभा आहे. दुसऱ्याचे अनुकरण अर्थातच अधिक कठीण आहे.

याहून पुष्कळ मोठी योजना म्हणजे तापी खोऱ्याची महाकाय पुनर्भरण योजना. तापीचे पावसाळी पाणी वळवून कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यावयाचे व बझाडा पट्ट्यात मुरवावयाचे, अशी तिची कल्पना असून, तीविषयी १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत सामंजस्य करार झाला. जळगाव व बुलढाणा या बाजूंप्रमाणेच मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर व खंडवा या जिल्ह्यांसही तिचा लाभ अपेक्षित असून, दोन्ही राज्यांतील मिळून सु. ३.५ लाख हेक्टर क्षेत्र तिच्या कक्षेत येईल. मोसमी पावसाचे पाणी पुरेशा प्रमाणात मिळणे व पुरातील गाळाने मुरणजागा न बुजणे यांवर तिचे यश अवलंबून राहील. पुनर्भरण झालेल्या पाण्याचा उपसा कोणी व किती करावयाचा, हा प्रश्न यावल-रावेरच्या बागाईत पट्ट्यात अनिर्णित आहे.