बोळातली तिसरी बेल

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली विटांची दुमजली घरं एकमेकांना खेटून उभी असतात. पुढे चार-पाच पायऱ्या, लोखंडी कठडा, कठड्याला बांधलेली मुलाची सायकल. सरकारी कागदावर अशा घरात एक कुटुंब राहतं, फार तर दोन. जवळ जाऊन चौकटीकडे पाहिलं की एक बेल दिसते, तिच्याखाली दुसरी. घराच्या कडेनं मागे जाणाऱ्या अरुंद बोळात शिरलं की तळघराच्या दाराशी तिसरी बेल. कधी ती चिकटपट्टीनं लावलेली असते, कधी बेलच नसते, नुसता कचऱ्याचा वेगळा डबा असतो. ही तिसरी बेल कुणी पाहिलीच नाही, तर त्या तळघरातलं कुटुंब न्यूयॉर्कच्या लोकसंख्येत नसतं. ते भाडं भरतं, मुलं शाळेत पाठवतं, पहाटेची गाडी पकडून मॅनहॅटनमध्ये भांडी घासायला जातं. फक्त मोजलं जात नाही.

२०२० च्या अमेरिकी जनगणनेत मी क्वीन्समध्ये प्रगणक होते. काम सुरू करण्याआधी आम्ही शपथ घेतली होती आणि ती आयुष्यभराची असते. दाराच्या आत जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. बोललं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. त्यामुळे कुणाच्या घरातली एकही गोष्ट मी इथे सांगणार नाही. दाराच्या अलीकडचं मात्र सांगता येतं. आणि या शहराच्या वाढीची खरी गोष्ट माझ्या मते दाराच्या अलीकडेच घडली आहे.

तिची सुरुवात मार्च २०११ मध्ये होते. २०१० च्या गणनेचे आकडे आले आणि महापालिकेत धक्काच बसला. शहराची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार १३३. शहराच्या स्वतःच्या हिशेबापेक्षा हे खूप कमी होतं. पण खरा चटका क्वीन्सच्या ओळीत होता. २००० मध्ये २२ लाख २९ हजार ३७९, दहा वर्षांनी २२ लाख ३० हजार ७२२. वाढ १,३४३. वर्षाची नाही, अख्ख्या दशकाची. संध्याकाळी सहाला सात नंबरच्या गाडीनं ज्यानं एकदा जॅक्सन हाइट्स ते फ्लशिंग प्रवास केला आहे, त्याला हा आकडा वाचून दाखवला असता तर त्यानं कागदच परत केला असता. महापौर ब्लूमबर्ग यांनी उघड आक्षेप घेतला.

नगर नियोजन खात्याच्या लोकसंख्या विभागात जोसेफ साल्व्हो नावाचे गृहस्थ होते. तीन दशकांहून जास्त काळ त्यांनी या शहराची माणसं मोजली. त्यांच्या माणसांनी आकडे उलगडून पाहिले, तर रिकाम्या घरांची संख्या विलक्षण वाढलेली दिसली, आणि तीही ठरावीक पट्ट्यांत: ब्रुकलिनमध्ये बे रिज, बेन्सनहर्स्ट, क्वीन्समध्ये अॅस्टोरिया, जॅक्सन हाइट्स. हे सगळे स्थलांतरितांचे, गजबजलेले भाग. तिथे खोली रिकामी झाल्याची कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी ती भरलेली असते. म्हणजे गणनेच्या वेळी दार उघडलं गेलं नव्हतं आणि कागदावर ‘रिकामं’ लिहिलं गेलं होतं. शहरानं रीतसर हरकत नोंदवली. आकडा बदलला नाही.

असा वाद या शहराला नवा नव्हता. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कनं सव्वाआठ लाख माणसं गमावली: १९७० मध्ये ७८ लाख ९५ हजार, १९८० मध्ये ७० लाख ७२ हजार. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं, ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळत होत्या. माणसं गेली हे खरंच होतं. तरीही महापौर एड कॉच यांचं म्हणणं होतं की गेली त्याहून जास्त वजा दाखवली आहेत, आणि ते कोर्टात गेले. पुढच्या गणनेनंतर महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनीही कोर्टात भांडण केलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९९६ मध्ये शहर एकमतानं हरलं. गणनेचे आकडे सांख्यिकी पद्धतीनं दुरुस्त न करण्याचा वाणिज्यमंत्र्यांचा निर्णय न्यायालयानं कायम ठेवला.

दरम्यान १९९४ मध्ये एक साधा, कोरडा वाटणारा कायदा झाला होता. गणनेआधी सेन्सस ब्युरोनं, म्हणजे केंद्राच्या जनगणना खात्यानं, आपली पत्त्यांची यादी स्थानिक सरकारांना दाखवावी आणि त्यांनी ती तपासून द्यावी, एवढंच त्यात होतं. माणसं मोजून झाल्यावर भांडायचं की मोजायच्या आधी दारं शोधायची, यातला फरक त्या कायद्यात आहे. २०१० च्या अनुभवानंतर साल्व्हो आणि अरुण पीटर लोबो यांच्या विभागानं २०२० साठी तो पुरता वापरायचं ठरवलं.

ब्युरोची यादी गोपनीय असते. ती उघडणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही तीच शपथ घ्यावी लागते. एकीकडे ही यादी, दुसरीकडे शहराकडची घरांची आणि मालमत्तांची दप्तरं. दोन्ही ताडून पाहायची आणि जिथे जुळत नाही तिथे पायी जायचं. गल्ल्यागल्ल्यांतून ही माणसं हिंडली आणि त्यांनी बेला मोजल्या, पोस्टाच्या पेट्या मोजल्या, गॅसचे आणि विजेचे मीटर मोजले. दोन कुटुंबांच्या घराला चार मीटर का? एका पेटीवर तीन आडनावं का? कुणाला प्रश्न विचारायचा नाही. रस्त्यावरून दिसेल तेवढंच टिपायचं.

न्यूयॉर्कमधली बहुतेक तळघरातली बिऱ्हाडं बेकायदा असतात. पालिकेचंच दुसरं खातं त्यांना दंड करतं, घर रिकामं करायला लावतं. म्हणजे एका हातानं पालिका त्या खोलीचा पत्ता जिवापाड जपून ब्युरोला कळवत होती आणि दुसऱ्या हाताला तो कळू देत नव्हती. कायदाच तसा आहे. गणनेसाठी दिलेली माहिती दुसऱ्या कुठल्याही कारवाईसाठी वापरता येत नाही. पण बंद दाराआडच्या माणसाला हे कोण आणि कसं पटवून देणार? त्याला फक्त एवढं कळतं की कुणीतरी सरकारी माणूस आपल्या बेलकडे बघतोय.

पत्ता सापडला तरी काम संपत नाही. एका घराचा एकच क्रमांक, मग आत तीन बिऱ्हाडं असोत की पाच. त्या क्रमांकावर एकच पत्र जातं आणि घरमालकाचं कुटुंब ते भरून टाकतं. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं पत्र जायला हवं असेल, तर यादीत त्याला वेगळी ओळख द्यावी लागते: पहिला मजला, मागची बाजू, बेसमेंट. पोस्टमनला हे सगळं कधीचंच ठाऊक असतं. सरकारी यादीत ते नसतं.

या खटाटोपातून सुमारे २ लाख ६५ हजार घरं यादीत चढली. साधारण पाच लाख माणसांची वस्ती. सबंध सांगली शहर मावेल एवढी.

मग २०२० उजाडलं. त्याआधीची दोन वर्षं एका प्रश्नानं खाल्ली होती: तुम्ही अमेरिकी नागरिक आहात का? हा प्रश्न अर्जात घालायचा केंद्र सरकारचा बेत होता. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो अडवला आणि प्रश्न अर्जात आला नाही. भीती मात्र आली. ‘तो प्रश्न आहे का?’ हे मला उघडलेल्या दारांपेक्षा न उघडलेल्या दारांतून जास्त वेळा विचारलं गेलं.

गणनेचा दिवस १ एप्रिल. करोनाच्या त्या आठवड्यात एल्महर्स्टमध्ये रुग्णवाहिकांचा आवाज रात्रभर थांबत नव्हता. आम्हाला रस्त्यावर उतरायला ऑगस्ट उजाडला. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर सेन्ससची पिशवी, तोंडावर मास्क, हातात सरकारनं दिलेला आयफोन. त्यात पत्ते येत, रोज वेगळे. दार उघडलं नाही तर फटीत एक चिठ्ठी सारायची आणि पुन्हा जायचं, सहा खेपांपर्यंत. काही खेपांत कुणी भेटलं नाही तर शेजाऱ्याला विचारायचं, किंवा इमारतीची देखभाल करणाऱ्या सुपरला. कोण सकाळी किती वाजता निघतं आणि कुणाची आई गावाहून आली आहे, हे मोठ्या इमारतीत सुपरला जितकं ठाऊक असतं तितकं जगात कुणालाच नसतं.

प्रशिक्षणात एक नियम शिकवला होता. १ एप्रिलला जो जिवंत होता तो मोजायचा. ३१ मार्चला गेलेला नाही, २ एप्रिलला गेलेला होय. ऑगस्टमध्ये क्वीन्सच्या दारात उभं राहून ‘१ एप्रिलला इथे किती माणसं राहत होती?’ हा प्रश्न विचारणं काय होतं, ते शपथ न मोडता मला एवढंच सांगता येईल: तो प्रश्न मी दरवेळी हळू आवाजात विचारला. या शहरातले करोनाचे सर्वाधिक मृत्यू एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाले. ती माणसं त्या गणनेत आहेत. या शहराची लोकसंख्या ८८ लाख ४ हजार १९० असं जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला ती आधी आठवतात.

१५ ऑक्टोबरला काम थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये पहिली बातमी आली आणि ती वाईट होती. न्यूयॉर्क राज्याची अमेरिकी काँग्रेसमधली, लोकसंख्येवर ठरणारी एक जागा गेली, २७ च्या २६ झाल्या. ८९ माणसं आणखी मोजली गेली असती तर जागा राहिली असती. ८९. मी त्या रात्री झोपले नाही. माझ्या फोनवर सहा खेपांनंतरही बंद राहिलेली दारं होती आणि ती सगळी डोळ्यांपुढे येत होती.

ऑगस्टच्या १२ तारखेला शहराचे आकडे आले. दहा वर्षांत ६ लाख २९ हजारांची वाढ. क्वीन्स २४ लाख ५ हजार ४६४. आधीच्या दशकात १,३४३ नी वाढलेला हा भाग या दशकात पावणेदोन लाखांनी वाढला. वर्तमानपत्रांनी शहराच्या पुनरुत्थानाच्या बातम्या दिल्या. नवे मनोरे उभे राहिले, नवी माणसं आली, हे खरं. पण त्या वाढीत अशीही माणसं होती जी आली नव्हती, ती होतीच. वर्षानुवर्षं तिथेच राहत होती. फक्त त्यांचं दार आता सापडलं होतं.

कोण वाढलं? आशियाई वंशाचे लोक १० लाख २८ हजारांवरून १३ लाख ७३ हजारांवर गेले. लॅटिनो वाढले. कृष्णवर्णीय मात्र चौऱ्याऐंशी हजारांनी घटले. ज्या ब्रुकलिननं त्यांना घडवलं तिथलं भाडं त्यांना परवडेना. या घटीबद्दल फार कमी लिहिलं गेलं, आणि मला ते खटकतं.

आपल्या लोकांचाही एक किस्सा इथे सांगण्यासारखा आहे. १९६५ च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेची दारं उघडली, पण १९७० च्या गणनेत भारतीय ‘गोऱ्यां’मध्ये धरले गेले. असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका या संस्थेनं पाठपुरावा केला, तेव्हा १९८० च्या अर्जावर ‘एशियन इंडियन’ हा रकाना प्रथमच आला. फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवर १९७७ मध्ये गणपतीच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली तेव्हा देवळात येणाऱ्या माणसांना देशाच्या हिशेबात स्वतःचं नावच नव्हतं. आज क्वीन्सचा कोणताही मराठी माणूस त्या चौकोनात विचार न करता खूण करतो. पण रिचमंड हिलमध्ये गयानाहून आलेली, चार-पाच पिढ्यांपूर्वी बिहार-उत्तर प्रदेशातून ऊसमळ्यांवर नेलेल्यांच्या वंशातली माणसं राहतात. ती कुठला चौकोन निवडतात? एकाच रस्त्यावर तीन उत्तरं मिळू शकतात आणि तिन्ही बरोबर असतात.

मे २०२२ मध्ये ब्युरोनं स्वतःच्या गणनेची पडताळणी जाहीर केली. तीनुसार न्यूयॉर्क राज्याची गणती ३.४४ टक्क्यांनी जास्तच झाली होती. मला ते वाचून बरं वाटलं नाही, पण लपवण्यासारखंही काही नाही. महामारीत माणसं शहराबाहेरच्या घरांत गेली, मुलं वसतिगृहातून परतली; दोन ठिकाणी नोंद होण्याचं ते वर्ष होतं. ही पडताळणी राज्याच्या पातळीवरच थांबते, गल्लीत उतरत नाही. ज्याची दोन घरं आहेत तो दोनदा मोजला गेला आणि ज्याचं एकही घर कायदेशीर नाही तो एकदाही नाही, हे दोन्ही एकाच शहरात घडू शकतं.

शहराचे आकडे आल्यानंतर विसाव्या दिवशी, १ सप्टेंबर २०२१ ला, आयडा वादळाचा पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला. शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरांत. बहुतेक क्वीन्समधली. पाणी जिन्यावरून आत आलं आणि दार बाहेर ढकलता येईना.

त्या आठवड्यात मी माझ्या जुन्या पत्त्यांच्या बाजूला गेले. फुटपाथवर भिजलेल्या गाद्या, मुलांची दप्तरं, फुगलेले फोटो अल्बम पडले होते. एका घराच्या बोळात मी वाकून पाहिलं. भिंतीवर पाण्याची रेघ छातीपर्यंत उमटली होती, आणि तिच्या वर, चिकटपट्टीनं लावलेली बेल तशीच होती. वाजवायला माझ्याकडे आता काही कारण नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.